सांध्यातली फट

रूळ उन्हात फुगतात, हे रेल्वेत काल लागलेल्यालाही ठाऊक असतं. म्हणून दोन रुळांच्या सांध्यात बारीकशी फट सोडतात, आणि चाक त्या फटीवरून गेलं की खडखडतं. या स्टेशनाजवळच्या वळणावरच्या सांध्यांत मात्र फटच नव्हती. महिन्यापूर्वी झिजलेले रूळ बदलताना नवे रूळ टोकाला टोक भिडवून बसवले होते. भर दुपारी लोखंडाला पसरायला जागा मिळेना. रूळ बाजूला वाकले आणि पॅसेंजरचे डबे खाली उतरून आडवे झाले. तीन माणसं गेली. एवढं कळायला चौकशी अधिकाऱ्याला अर्धा दिवस पुरला. अडलं ते पुढेच. रूळ बसवण्यात केस पिकलेल्या मुकादमानं असं करावं तरी का?

मुकादम स्टेशनातल्या पार्सलच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला होता. आपणच ते केलं, हे त्यानं आढेवेढे न घेता कबूल केलं. का, म्हणून विचारलं की मान खाली. आवाज फार होत होता, असं एकदा पुटपुटला. त्रास कुणाला होत होता, म्हटल्यावर पुन्हा तोंडात मिठाची गुळणी. अधिकारी मनातून वैतागला. खोटं बोलणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं; असे गप्प बसणारे त्याच्या डोक्यात जात.

दुपारी तो बहिणीकडे जेवायला गेला. तिचं घर त्या वळणाला लागूनच होतं आणि आई तिच्याकडेच असायची, म्हणून या चौकशीला आल्यापासून तो तिथंच उतरला होता. आईनं वाढता वाढता झोपेचा विषय काढला. पूर्वी जरा डोळा लागला की गाडी धडधडत यायची आणि झोपेचं खोबरं व्हायचं. आता तसं नाही, म्हणे.

"तुमच्यातला एक मुकादम आहे. पाणी प्यायला यायचा. मी म्हटलं, बाबा रे, या खडखडाटाचं काहीतरी बघ. त्यानं लगेच मनावर घेतलं. गुणी माणूस आहे. तुझ्या हातात असेल तर त्याचं भलं कर."

बहिणीचा हात भांड्यातच थांबला. मुकादम काही बोलणार नाही आणि बाकी कुणाला हे माहीत नाही, हाच विचार अधिकाऱ्याच्या मनात सगळ्यात आधी आला. मग त्याला ती खाली घातलेली मान आठवली. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि आईला सगळं सांगितलं. फट कशासाठी असते, तेही सांगितलं. आईनं मेलेल्यांत लेकरू होतं का, एवढंच विचारलं. होतं.

अधिकाऱ्यानं वरच्या साहेबांना फोन लावला. ही चौकशी माझ्याकडून काढून घ्या, माझी आई साक्षीदार आहे, म्हणाला. साहेबांनी त्याला आधी वेड्यात काढलं, मग घरची गोष्ट घरातच ठेवायचा सल्ला दिला. त्यानं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवा अधिकारी आला. आई लेकीचा हात धरून पार्सलच्या खोलीत गेली. तिला बघताच मुकादम उठून उभा राहिला.

"आजी, तुम्ही कशाला आलात?"

"मी सांगितलं म्हणून यानं केलं," ती नव्या अधिकाऱ्याला म्हणाली. "याला एकट्याला धरू नका."

नव्या अधिकाऱ्यानं सावकाश चष्मा पुसला. कुण्या म्हातारीच्या सांगण्यावरून अनुभवी माणूस रूळ असे बसवेल, हे त्याला काही पटेना.

"तुमचा मुलगा रेल्वेत मोठा साहेब आहे, हे याला ठाऊक होतं?"

"होतं. मीच सांगितलं होतं. मी ते सगळ्यांनाच सांगते. माझ्याजवळ दुसरं सांगण्यासारखं आहे काय?"

दाराबाहेरच्या बाकावर तिचा मुलगा बसला होता. त्याला ते स्पष्ट ऐकू आलं, आणि त्याला आपल्या हुद्द्याची लाज वाटली.