‘आजारी दोस्त’ मुलांना दाखवावा का?

मित्रांनो, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजले आहेत. माझा पंखा घरघरतो आणि मला चालू केलं की पहिली दोन मिनिटं भिंतीवर नुसता पिवळा डाग पडतो. तरीही ओळख करून देतो. मी केटा गावच्या वाचनालयातला प्रोजेक्टर. इथले लोक मला ‘म्हातारा’ म्हणतात, पण प्रेमाने म्हणतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती राजधानी अक्रामधली एक थंडगार कचेरी. तिथे मी पाच वर्षं चढत्या-उतरत्या रेघा दाखवल्या. माझ्या उजेडात बसून कधी कोणी हसलं नाही. मग त्यांनी नवा प्रोजेक्टर घेतला आणि मला एका खोक्यात घालून या गावाला देऊन टाकलं. इथे एका बाजूला समुद्र आहे, दुसऱ्या बाजूला सरोवर आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवर आमचं वाचनालय. वाचनालय सांभाळणारे एफो सेन्यो यांनी मला टेबलावर ठेवलं, स्वतःच्या सदऱ्याने पुसलं आणि त्या दुपारी पहिल्यांदा एक सिनेमा लावला. साठ मुलं एकदम खदखदून हसली. तेव्हा मला कळलं, मी कशासाठी जन्मलो ते.

पण मुलांना काहीही दाखवून चालत नाही. त्यासाठी गावाने तिघींची एक समिती नेमली होती. अध्यक्ष मॅडम अफेफा, निवृत्त मुख्याध्यापिका. गावातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी कधी ना कधी पिळलेले. पडद्यावर नायक-नायिका जवळ आले की त्या उठायच्या आणि आपला ताडाचा पंखा माझ्या काचेपुढे धरायच्या. मग ते चुंबन पंख्यावर पडायचं. पुढच्या रांगेतली मुलं मान वाकडी करून तिथे बघायची.

दुसऱ्या आँटी केकेली. त्या कपडे शिवायच्या. तिसऱ्या आँटी डेला, धुरावर वाळवलेली मासळी विकणाऱ्या. एके काळी या दोघी एका ताटात जेवायच्या म्हणतात. मी त्यांना पाहत होतो तेव्हा मात्र त्या सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. समितीतून नाव काढून घ्यायलाही दोघी तयार नव्हत्या. सगळा संवाद मॅडमच्या मार्फत व्हायचा.

“मॅडम, त्यांना सांगा, खुर्ची जरा सरकवा म्हणून.”

“मॅडम, त्यांना सांगा, खुर्चीला पाय आहेत, त्यांनाही आहेत.”

“देवा,” मॅडम म्हणायच्या, “शाळेत होते तेव्हा बरी होते मी.”

भांडणाचं कारण गावाला ठाऊक होतं. केकेलीचा नवरा अफ्लाओ या सीमेवरच्या गावाच्या रस्त्यावर गाडी चालवायचा. तिथे त्याने दुसरं बिऱ्हाड केलं. डेला अफ्लाओच्या बाजारात मासळी घेऊन जायची, तिने त्या दोघांना पाहिलं होतं. वर्षभर ती गप्प बसली. केकेलीला शेवटी ते परक्या माणसाकडून कळलं. नवरा गेला, आणि मैत्रीणही गेली.

केकेलीची मुलगी एडिनाम तेव्हा आठ वर्षांची होती. डेला आँटी एकाएकी घरी यायची का थांबली, हे तिला कोणी सांगितलंच नाही.

आता एडिनाम चौदा वर्षांची झाली होती आणि वाचनालयाच्या मुलांच्या मंडळाची चिटणीस होती. तिनेच समितीला पत्र लिहिलं. ‘सत्र संपताना आम्हाला “आजारी दोस्त” हा विनोदी सिनेमा बघायचा आहे. सगळ्या गावाने पाहिला, आम्हीच राहिलो.’

एका मंगळवारी दुपारी तिघी तो सिनेमा तपासायला बसल्या.

गोष्ट साधी होती. एका माणसाचं बाहेर प्रकरण चालू असतं. बायकोला तो सांगतो, “माझा दोस्त आजारी आहे, मी त्याच्या उशाशी बसायला जातो.” बायको भोळी. ती त्या दोस्तासाठी रोज मटणाचं सूप पाठवू लागते. दोस्त धडधाकट असतो. पण सूप इतकं चविष्ट की त्याला खरं सांगवत नाही. बायको बघायला आली की तो पांघरुणात शिरून कण्हतो आणि दिवसेंदिवस जाड होत जातो.

मॅडम पहिल्या दहा मिनिटांतच हसू लागल्या. डेला तर डोळे पुसत हसत होती. मी केकेलीकडे पाहिलं. ओठ दाबून ठेवले होते, पण खांदे हलत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी एकाच गोष्टीला हसल्या.

मग तो प्रसंग आला. बायकोला सगळं कळतं. ती दोस्ताच्या पलंगाशी उभी राहून विचारते, “तुला माहीत होतं?” आणि त्याच्या तोंडात मटणाचा एवढा मोठा तुकडा असतो की त्याला बोलताच येत नाही. मॅडम खो खो हसल्या.

केकेलीचे खांदे थांबले. शेजारची डेलाही हसायची थांबली.

सिनेमा संपला. एफो सेन्योंनी खिडक्या उघडल्या.

“एक चुंबन आहे,” मॅडम म्हणाल्या, “ते मी बघून घेईन. बाकी हरकत काय आहे?”

“मॅडम, चुंबनाने पोरं बिघडत नाहीत,” डेला म्हणाली. “फोनवर याहून जास्त बघतात. त्यांना म्हणावं, दाखवा.”

“मॅडम, त्यांना सांगा,” केकेली म्हणाली, “त्यात एक बाई रोज सूप करते आणि दोघंजण मिळून तिला फसवतात. आणि आपण कोणाला हसतो? तिला! पोरांनी यातून काय घ्यायचं?”

मॅडमनी डेलाकडे मान वळवली, पण डेलाने त्यांना बोलूच दिलं नाही.

“तिला नाही हसत कोणी,” ती थेट केकेलीला म्हणाली. “त्या तोंड भरलेल्या माणसाला हसतात. ज्याला बोलता आलं नाही त्याला.”

एफो सेन्यो खिडकीशी तसेच उभे राहिले. मॅडमचा पंखा थांबला.

“तुझ्या तोंडात काय होतं, डेला?” केकेलीने विचारलं.

“भीती होती. माझ्या तोंडून तुझं घर मोडायला नको, असं वाटलं.”

“घर मोडलेलंच होतं. मी एकटीच त्यात झाडू मारत होते. त्या एका वर्षात तू माझ्याकडून तीन झगे शिवून घेतलेस. मी माप घ्यायचे आणि तू भिंतीकडे बघायचीस. मला वाटायचं, बाई जाड झालीय, लाजतेय.”

“एक झगासुद्धा घातला नाही मी,” डेला म्हणाली. “दर वेळी सांगायला म्हणून यायचे आणि तू विचारायचीस, कापड आणलंस का? मग कापड द्यायचे.”

मॅडमनी कागद पुढे ओढला. “हे बघा, मोठ्या बायकांना रडवतो तो सिनेमा मुलांसाठी नाही. मी नकार लिहिते.”

“थांबा, मॅडम.” केकेलीने नाक पुसलं. “नकार लिहू नका. एडिनामने तो बघावा. फक्त शनिवारच्या खेळाआधी मला तिला घरची गोष्ट सांगावी लागेल. ती तिला पडद्यावरून कळायला नको.”

असं ठरलं. चौदा वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलांनी यायचं, प्रत्येकाने घरचं एक मोठं माणूस आणायचं आणि सिनेमानंतर अर्धा तास बोलायला थांबायचं. तेरा वर्षांच्यांनी दाराशी येऊन खूप आरडाओरडा केला. मॅडमनी कान पिळायला हात पुढे केला तेव्हा ते पळाले.

शनिवारी हॉल गच्च भरला. मला मनातून धाकधूक होती. माझा दिवा जुना, मधेच विझला तर? मी होता नव्हता तेवढा जोर लावला. मुलं हसली, मोठी माणसं त्याहून जास्त हसली. ‘तुला माहीत होतं?’ आलं तेव्हा सगळा हॉल दणाणला. तिसऱ्या रांगेत एडिनाम आईचा हात धरून बसली होती. ती हसली नाही. मान वळवून तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तिथे डेला दारालगतच्या खुर्चीवर बसली होती, उठून जायला सोपं पडावं अशी.

नंतर मॅडमनी विचारलं, “त्या दोस्ताने काय करायला हवं होतं?”

“पहिल्याच दिवशी सूप परत पाठवायला हवं होतं!” एक मुलगा म्हणाला.

“पिऊन मग सांगायचं!” दुसरा ओरडला. पुन्हा हशा.

एडिनाम उभी राहिली. “सांगायला हवं होतं. आणि नाही जमलं सांगायला, तर नंतर तरी यायला हवं होतं. शिव्या खायला, पण यायला हवं होतं. त्या घरात आणखीही कोणी त्याची वाट बघत असेल, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.”

डेला उठली. मला वाटलं, आता ही दारातून निघून जाणार. पण ती रांगांमधून वाट काढत पुढे आली आणि एडिनामसमोर उभी राहिली.

“किती उंच झालीस गं,” ती म्हणाली.

“तुम्ही नव्हता म्हणून तसं वाटतं,” एडिनाम म्हणाली. “नाहीतर रोज थोडी थोडी वाढताना दिसले असते.”

केकेलीने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. खुर्ची रिकामी झाली. “बस,” ती म्हणाली. “मॅडमचं बोलणं अजून अर्धा तास चालेल.”

त्या दोघींचं सगळं काही त्या दिवशी मिटलं असं मी म्हणणार नाही. पुढच्याच महिन्यात एका सिनेमावरून त्या इतक्या भांडल्या की एफो सेन्यो उठून बाहेर जाऊन बसले. पण भांडल्या समोरासमोर. मॅडम आरामात पंख्याने वारा घेत बसल्या होत्या.

आता हॉलमध्ये मोठा टीव्ही आला आहे. मी कपाटावर आहे. माझ्या जाळीत एक पाल राहते आणि काचेवर धूळ साचली आहे. कधीतरी कोणी फडका मारला तर मला बरं वाटेल, पण माझं मागणं त्याहून वेगळं आहे. मित्रांनो, कोणता सिनेमा कोणत्या वयाला चालेल, याचा विचार जरूर करा. पण मुलांना आत सोडून दार लावून घेऊ नका. मी आयुष्यभर फक्त उजेड टाकला. त्या उजेडात मुलांच्या शेजारची खुर्ची कितीतरी वेळा रिकामी दिसली. ती माझ्याच्याने कधी भरली गेली नाही. तेवढं तुम्ही करा.