कच्चं शूटिंग

अब्बांना जाऊन दीड महिना झाला होता आणि त्यांचा कॉम्प्युटर आता चालू होतानाच खरखरायचा. भोर-वेल्ह्यात त्यांनी शूटिंग केलेली सगळी लग्नं त्यात होती. तो बंद पडायच्या आत ती उतरवून घ्यायला हवी होती, म्हणून मी अमृतच्या दुकानात हार्ड डिस्क बघायला गेले.

"ही छोटी न्या, हुमाताई. तयार फिल्मा आरामात बसतील."

"आणि कच्चं शूटिंग?"

"त्ये कोण ठेवतं? हालतंय, मधीच कुणाची पाठ येती. चाचाच म्हणायचे, एडिटिंग झालं की कचरा."

म्हणायचे खरे, पण त्यांनी ते पुसलं नव्हतं.

तयार फिल्ममध्ये अब्बा मूळचा आवाज काढून सनई आणि गाणी घालत. काल मी आंबवड्याचं एक लग्न कच्चं लावलं, तर गोंगाटात अगदी कॅमेऱ्यामागून अब्बा म्हणाले, "नवरीबाई, हितं बघा. हसा की जरा, सासर काय पळून जातंय व्हय?"

अम्मी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली होती.

"मोठी दे," मी अमृतला म्हणाले.

"तिला वेगळी वायर लागती, जडबी हाय."

"असू दे."

घरी आले तेव्हा अम्मी कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडदा काळा होता.

"लावायचा होतास ना," मी म्हणाले.

"नको. तू येईपर्यंत बंद पडला असता तर?"