आतली कडी

गुड्डी आपल्या आईला तानू म्हणायची. आजी हाक मारायची तशीच. ती वर्षाची असताना तिला साक्रीकडच्या गावी आजीजवळ ठेवून तानूबाई आणि तिचा नवरा झुंबर सिल्वासाला आले आणि मसाटच्या एका सूत कारखान्यात लागले. दोघांच्या पाळ्या वेगळ्या, डोकमर्डीच्या चाळीत एकच खोली, पोर सांभाळायला कोणी नाही. पुढे आजी वारली, तेव्हा पाच वर्षांच्या गुड्डीला त्यांनी इकडे आणलं.

मी त्यांच्या समोर राहायचो. शाळेतून निवृत्त झालो होतो आणि इथल्या मराठी मंडळापुढे वाचायला ‘गोष्टींतली आई आणि मूल’ असा एक निबंध लिहीत होतो. लिहीत होतो म्हणजे खोडत होतो. त्यासाठी एका मनोविश्लेषकाचं इंग्रजी पुस्तक मिळवलं होतं. त्यातलं किती समजलं कोण जाणे, पण एक गोष्ट डोक्यात राहिली. आई निघून जाते तेव्हा मूल काहीच करू शकत नाही. म्हणून ते खेळात, गोष्टीत आईला स्वतःच घालवून देतं. निदान तिथे तरी जाणं त्याच्या हुकमानं होतं. आपल्या गोष्टींत मात्र मूल नेहमी उंबऱ्यात वाट पाहत बसलेलं असतं. मला वाटायचं, गोष्टी मोठी माणसं लिहितात आणि निघून गेलेली तीच असतात. कोणीतरी वाट पाहतंय हे त्यांना हवंच असतं.

तानूबाई रोज गुड्डीचा डोळा चुकवून कामावर जायची. त्या चाळीतल्या सगळ्याच बाया तसंच करायच्या. पोर नळावर गेलं, बिस्किटाला दुकानात गेलं, की पिशवी उचलायची आणि मागच्या बोळातून निघायचं. गावी भेटायला गेली तरी परतताना तेच. आजी नातीला शेजारी न्यायची आणि तानूबाई एसटी गाठायची.

“रडत नाही ना मग पोर,” ती मला म्हणाली होती.

गुड्डी रडत नव्हती हे खरं. ती तानूबाईच्या हातचं जेवायची नाही, तिच्याजवळ निजायची नाही. बाप रात्रपाळी करून झोपला की माझ्याकडे येऊन बसायची. मी तिला एका चिमणीची गोष्ट सांगायचो. चिमणी दाणे आणायला दमणगंगेपलीकडे जाते, पिल्लू घरट्यात एकटं असतं. इथवर आलो की गुड्डी मला थांबवायची.

“पिल्लानं आतनं कडी लावली.”

“घरट्याला कडी असते का?”

“याच्या घरट्याला आहे.”

“आणि चिमणी परत आली तर?”

“येऊ दे.”

“मग पिल्लू दार उघडतं का?”

“ते मी नाही सांगणार.”

मी हे हौसेनं निबंधात लिहून घेतलं.

होळीला गावी गेली असताना तानूबाईनं जावेला, भिमाबाईला, शब्द दिला होता, की पाडव्यापर्यंत पोर रुळली नाही तर तुम्हीच न्या. भिमाबाईला मूलबाळ नव्हतं. पाडवा झाला आणि तिचा नवरा बारकू, म्हणजे झुंबरचा मोठा भाऊ, पोरीला न्यायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. त्या सकाळी झुंबर अजून रात्रपाळीवरून परतला नव्हता. तानूबाई माझ्या ओट्याशी आली.

“सर, तुम्ही गोष्ट काढा. तिचं ध्यान तिकडं लागलं की मी निघते. मग भाऊ तिला घेऊन जातील.”

“तिला सांगितलंय का, गावी जायचंय म्हणून?”

“नाही.”

“सांगून जा ना, तानूबाई. मुलांना सांगून—”

“सांगायला गेले तर माझाच पाय निघायचा नाही.”

पुस्तकात काय लिहिलंय ते मी तिला सांगणार होतो. तिच्या हातातली पिशवी पाहिली आणि गुड्डीला हाक मारली.

गोष्ट सुरू केली. चिमणी उठली, पंख झाडले. समोरच्या खोलीच्या दारात तानूबाई पदर खोचत होती, दाराबाहेर बारकू गुड्डीच्या फ्रॉकांचं गाठोडं बांधत होता. गुड्डी माझ्याकडे पाहत नव्हती. चिमणी नदीपाशी पोचली तेव्हा ती उठली, सरळ चालत जाऊन तानूबाईच्या बाजूनं खोलीत शिरली आणि पत्र्याचं दार ओढून घेतलं. आतून कडी पडल्याचं मला ओट्यावर ऐकू आलं.

“ए पोरी, उघड,” बारकू म्हणाला. “गाडी चुकंल.”

“भाऊ,” तानूबाई म्हणाली, “आत स्टोव्ह चालू आहे. डाळ ठेवलीय तुमच्यासाठी.”

वातीचा स्टोव्ह, तोही जमिनीवर. त्या खोलीला खिडकी नव्हती, वर हाताएवढा झरोका तेवढा होता. बारकूनं दारावर थापा मारल्या. पत्रा दणाणला. शेजारच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली.

“सर, तुमच्या पुस्तकात बघा ना,” तो मला म्हणाला, “कडी कशी उघडायची ते.”

मी दाराशी जाऊन म्हणालो, “गुड्डी, गोष्ट अर्धी राहिली. चिमणी परत येते बरं का.” माझा आवाज मलाच खोटा वाटला. डाळ लागल्याचा वास यायला लागला. बारकूनं नळाजवळचा दगड उचलला.

“दगड नका घालू,” तानूबाईनं त्याचा हात धरला. थोरल्या दिराचा हात तिनं त्याआधी कधी धरला नसेल. “दारामागंच उभी असंल ती. तिला लागंल.”

मग ती पिशवीसकट दाराशी खाली बसली.

“गुड्डी, मी तानू. मी कामावर चालले होते. तुला न सांगता. आणि हे तुला गावी न्यायला आलेत, तेही तुला सांगितलं नाही.”

मग दाराच्या अगदी जवळून आवाज आला.

“तू कधी येणार?”

“संध्याकाळी.”

“आजच्या?”

आजी रोज सांगायची, आई संध्याकाळी येईल. चार वर्षं त्या पोरीनं कसल्या कसल्या संध्याकाळी पाहिल्या असतील. बारकूनं खुणेनं सांगितलं, हो म्हण, दार तर उघडू दे. आज संध्याकाळी गुड्डी गावी असणार होती. हो म्हणायला काही लागत नव्हतं.

“भाऊ,” तानूबाई उठत म्हणाली, “तुम्ही निघा. जाऊबाईंना सांगा, तानूनं शब्द मोडला.”

“डोकं फिरलं का तुझं? ती तुला आई तरी म्हणते का?”

“नसू दे म्हणत.” ती दाराकडे वळली. “आजच्या, गुड्डी. आजच्याच. आता कडी काढ, डाळ जळतीय.”

“आधी तू जा.”

“तू कडी काढ, मग जाते.”

“नाही. आधी जा.”

दाराखालच्या फटीतून आता धूर दिसत होता. तानूबाईनं माझ्याकडे पाहिलं. मुलानं आईला स्वतःच घालवून देणं कागदावर मला फार सुरेख वाटलं होतं. तिथे उभं राहून वाटत होतं, बारकूला दगड घालू द्यावा. पुस्तक चुकीचं असेल, किंवा मी चुकीचं वाचलं असेल, आणि दारापलीकडे पोरीच्या फ्रॉकपासून स्टोव्ह हातभर अंतरावर होता.

“सर, तुम्ही दाराशी थांबा,” ती म्हणाली. मग मोठ्यानं, “चालले गं मी.”

ती मागच्या बोळाकडे वळली नाही. समोरच्या रस्त्यानं, पत्र्याच्या फटीतून दिसेल अशी, चालत निघाली. जलद नाही. पिशवी तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. बारकू तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. ती पानाच्या टपरीपाशी पोचली आणि कडी सरकली.

दार बोटभर उघडलं. आईची पाठ दूर जाताना गुड्डी बहुधा पहिल्यांदाच पाहत होती. मी दार लोटून तिच्या बाजूनं आत शिरलो आणि स्टोव्ह विझवला. भांड्याचं बूड काळं झालं होतं. बाहेर आलो तेव्हा तानूबाई वळणावर होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिला ते कसं जमलं, मला माहीत नाही.

बारकू चहासुद्धा न घेता गेला. झुंबर आला, ऐकून घेतलं, भावाच्या मागे स्टँडवर धावला आणि एकटाच परतला. गुड्डी दिवसभर माझ्या ओट्यावर बसून होती. गोष्ट सांगू का विचारलं तर म्हणाली, “आत्ता नको.” मी निबंधाचे कागद पुढ्यात घेतले होते, एक अक्षर पुढे सरकलं नाही. तिच्यासारखाच मीही वळणाकडे पाहत होतो. तानूबाईला पाळीवर थांबवून घेतलं तर? बारकूनं गाठून तिचं मन फिरवलं तर?

उन्हं उतरल्यावर झुंबर पाळीवर गेला आणि मसाटकडून बाया येऊ लागल्या. तानूबाई त्यात दिसली. गुड्डी उठली. धावत जाईल असं मला वाटलं. ती खोलीत गेली, दार लावलं आणि कडी घातली.

तानूबाई दाराशी येऊन थांबली. पिशवी खाली ठेवली आणि हळूच कडीच्या जागी वाजवलं.

“कोण?” आतून आवाज आला.

“मी.”

“कुठं गेली होतीस?”

“कामाला. सांगून गेले होते.”

आत कडीवर हात पडल्याचं ऐकू आलं. पण ती लगेच सरकली नाही. तानूबाईनं पुन्हा वाजवलं नाही, ती नुसती उभी राहिली.