एकशे बाराव्या पानावरचा डावा कान

मित्रांनो, मला कुठूनही उघडा, एकशे बारावे पानच आधी समोर येते. मी धुळ्यातल्या एका कानाच्या डॉक्टरांची जुनी नोंदवही आहे आणि त्या पानाची मला अजून भीती वाटते.

माझा जन्म १९५३ सालचा. जाड पुठ्ठा, लाल कापडी पाठ आणि आत ठळक रेघांचे रकाने. खोटे कशाला बोलू, त्या रकान्यांचा मला फार गर्व होता. माणसाचा तोल कानाच्या आत असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? चक्कर येणाऱ्या माणसाला डॉक्टर खाटेवर निजवत आणि त्याच्या कानात आधी गार, मग कोमट पाणी सोडत. निरोगी कान असला की बुबुळे थरथरू लागत. आजारी असला की ती जागची हलत नसत. कंपाउंडर चुडामण घड्याळ धरून सेकंद मोजी आणि माझ्यात लिही. दोन कानांचे चार आकडे झाले की तपासणी पुरी. मग कानात कापसाचा बोळा घालून माणसाला घरी पाठवत. डॉक्टर सर्वांना सांगत, "माझी आठवण चुकेल, वही चुकणार नाही." ते ऐकून मी फुगून जाई.

एका शनिवारी पारोळ्याकडचा झिपरू आला. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात छताजवळच्या फळीवर उभे राहून तो पट्ट्यांच्या चाकांना तेल घाली. गावात लोक त्याला बाहेरची बाधा झाली म्हणत होते. कारखान्याने मात्र त्याला आमच्याकडे धाडले. त्याला वर चढवावे की नाही, एवढेच त्यांना लेखी हवे होते.

"जमीन फिरस, भाऊ," तो चुडामणला म्हणाला. "फळीवर चढाले भ्याव वाटस."

उजवा कान तपासून झाला. बुबुळे छान थरथरली. पण झिपरूला उलट्या सुरू झाल्या आणि तेवढ्यात डॉक्टरांना बाहेरून बोलावणे आले. "डावा कान सोमवारी," असे सांगून ते गेले.

चुडामण मनाचा वाईट नव्हता. पिवळा पडलेला झिपरू पाहून त्याला कळवळा आला. शिवाय कारखान्याचे बिल त्याच दिवशी जायचे होते आणि चारही रकाने भरल्याशिवाय ते मंजूर होत नसे. "परत कसाले येस? जाय घर, आराम कर," तो म्हणाला. मग उजव्या कानाच्या आकड्यांशेजारी, डाव्याच्या रकान्यांत, त्याने 'सदर' असे दोनदा लिहिले. सदर म्हणजे मागच्यासारखेच. शाई ओली होती तोवर मला वाटत होते, कोणीतरी पुसेल.

सोमवारी डॉक्टरांनी वीस जणांचे दाखले माझ्यावरून लिहिले. झिपरूच्या दाखल्यावर 'दोन्ही कान ठीक' असे लिहून त्यांनी सही केली. बाराव्या दिवशी झिपरू फळीवरून पडला आणि जागीच गेला.

महिन्याने त्याची बायको भिकुबाई आली. तिने कारखान्यातून मिळालेला दाखला पदराच्या गाठीतून काढला.

"डावा कानमा पानी टाकं व्हतं का, भाऊ?" तिने विचारले. "त्या घर उनात तवय एकच कानमा कापूस व्हता." झिपरू त्या शनिवारी घरी आला तेव्हाचे ती सांगत होती.

डॉक्टरांनी मला उघडले आणि चारही रकान्यांवर बोट फिरवले. "दोन्ही कान तपासले होते, बाई." चुडामण कपाटाकडे तोंड करून बाटल्या पुसत राहिला. मला ओरडावेसे वाटले, पण वहीला तोंड कुठे असते!

भिकुबाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. तिला वाचता येत नव्हते.

"लिखेल शे ते खरंच व्हई," ती म्हणाली. "मीच बोळा नीट दखा नही व्हई." आणि ती निघून गेली.

त्यानंतर चुडामण रोज दवाखाना बंद करण्याआधी ते पान उघडून बसे. त्याच्या अंगठ्याने कागद तिथे काळा पडला आहे. पण ते 'सदर' त्याने कधी खोडले नाही. पुढे तो गेला, डॉक्टर गेले, मी माळ्यावर आले. तरी तिची ती नजर मला अजून दिसते आणि मी शहारते.

मित्रांनो, वह्यांना कव्हरे घाला, पाने दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच मागते, की जे पाहिले नाही ते आमच्यात लिहू नका. दया आली तरी लिहू नका. ते दोन रकाने कोरे असते, तर झिपरूला सोमवारी परत बोलावले असते.