लग्नासाठी लगेच

बँकेच्या मॅनेजरने हात जोडले तेव्हाच मी ओळखलं, हा काही देणार नाही.

"एज्युकेशन लोन ऊपर से ही बंद हो गया, माताजी."

माताजी! मी त्रेपन्नची, आणि त्याच्या डोक्यावर माझ्या निम्मेही केस नव्हते.

गरिमाला, माझ्या लेकीला, इंदूरला फिजिओथेरपीच्या पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. शुक्रवारपर्यंत फी भरली नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला. आमच्या शहरातल्या कंपू भागातल्या दोन आणि पाटणकर बाजारातल्या एका बँकेने आधीच नकार दिला होता. शिकून नोकऱ्या लागत नाहीत, कर्जं बुडतात, म्हणून नवी देणं बंद.

"पर्सनल लोन ले लीजिए ना, शादी के लिए," मॅनेजर हळूच म्हणाला. "तीन दिन में हो जाएगा. बस शादी का एक कार्ड लगा दीजिए."

"शादी किसकी?" गरिमाने विचारलं.

"आपकी. काग़ज़ पर."

बाहेर आल्यावर ती फणफणली. "आई, मी नाही करणार हे. इतना झूठ?"

"शिकायचंय ना? मग गप्प बस."

मी तडक टोपी बाजारातल्या छापखान्यात गेले. छापणाऱ्याने नवरदेवाचं नाव विचारलं, तर तोंडात आलं ते सांगितलं, अंशुल. मुलगा काय करतो, तर इंजिनिअर. खोटंच सांगायचं, तर जावई बेकार कशाला सांगू?

घोळ झाला तो घरी. दख्खन सोडून आमच्या किती पिढ्या लोटल्या, पण अजून पहिली पत्रिका खंडोबाला जाते. मी सवयीने कोपऱ्यांना कुंकू लावलं, देव्हाऱ्यात ठेवली, वर सुपारी ठेवली आणि हात जोडून म्हटलं, "लेकीच्या लग्नाला या." शब्द तोंडातून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं. नसलेल्या लग्नाचं आवतण मी देवाला दिलं होतं.

मागे आमचे हे, तुकोजी, औषधांच्या दुकानातून येऊन उभे होते. "उषा, आता त्याला काय सांगशील? कॅन्सल झालं?"

ते हसले. मला रडू आलं, आणि मग जो संताप आला तो रात्रभर उतरला नाही. माझ्यासारख्या बाईला देवाशी खोटं बोलायला लावतात म्हणजे काय?

गुरुवारी आम्ही तिघंही बँकेत गेलो. मी उभ्यानेच सांगितलं, "शादी-वादी कुछ नहीं है. लड़की पढ़ेगी. जितना शादी का दे रहे थे उतना ही दो, ब्याज भी वही लगाओ. बस वजह सच्ची लिखो."

"नहीं लिख सकता."

"तो यही लिखकर दो. लड़की की शादी के लिए पैसा है, पढ़ाई के लिए नहीं. नीचे मुहर लगाओ."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बघू देत, म्हणून मी आवाज आणखी चढवला. मॅनेजर लालबुंद झाला. त्याने कीबोर्ड बडवला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"और ये? गरिमा के नाम की एफडी. हर बार आप ही आकर कहती हैं, शादी की है, इसे हाथ मत लगाना."



ती एफडी मी विसरले नव्हते. बारशाला आलेल्या पैशांची, दर वेळी थोडी भर घालून पुन्हा ठेवलेली. दोन्ही वर्षांची फी त्यात निघाली असती. पण ती लग्नाची. चार बँकांचे उंबरे झिजवले, तरी ते पैसे आहेत असं माझ्या एकदाही मनात आलं नाही. ह्यांच्याही नाही. गरिमाने मागितले नाहीत, कारण त्यांना हात लावायचा नसतो हे आम्हीच तिला लहानपणापासून ऐकवलं होतं.

मला लाज वाटली, भर बँकेत. बँकेने पोरीच्या शिक्षणाला नाही म्हटलं ते यंदा. मी तिच्या बारशापासून म्हणत आले होते.

"तोड़ दो," मी म्हटलं.

"समय से पहले तोड़ेंगी तो ब्याज कटेगा."

"कटने दो."

"अगं, मग लग्नाला काय करायचं?" ह्यांनी कानाशी विचारलं.

"करेल तेव्हा कर्ज काढू. त्याला बँकवाले नाही म्हणत नाहीत."

रांगेत कुणीतरी हसलं. मॅनेजरने कागद काढला. मी सहीसाठी पेन उचललं, तर त्याने मान हलवली. "आपके साइन नहीं चलेंगे. बेटी बालिग है, पैसा उसी का है."

पाच वर्षं झाली होती तिला अठरा पूर्ण होऊन. गरिमाने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कुणाला न विचारता सही केली.