पाटीभर माती

रतनबाईने जन्मात माहेराकडे एकच गोष्ट मागितली, पाटीभर माती. तीही मिळाली नाही, याचा राग मला अजून येतो.

वेल्ह्याकडे तिच्या नवऱ्याने झाडोरा तोडून नवं वावर केलं होतं. दोन वर्षं हरभरा पिवळा पडला. आणखी एक साल बघायचं, नाहीतर वावर सोडायचं, असं घरात ठरलं. बाजाराच्या दिवशी शेतकी खात्याचा एक माणूस आला होता. रतनबाईने त्याला रोप उपटून दाखवलं.

"बाई, मुळांना गाठी नाहीत," तो म्हणाला. "त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. झाड त्यांना पोसतं, ते हवेतलं खत झाडाला देतात. तुमच्या नव्या मातीत ते नाहीतच. हरभऱ्याच्या जुन्या रानातली पाटीभर माती आणून मिसळा."

ती पाटी घेऊन उत्रोलीला माहेरी गेली, रानातली माती भरून निघाली. थोरला भाऊ रखमाजी बांधावरच आडवा आला.

"आज माती नेशील, उद्या वाटा मागशील. हक्क न्हाई म्हणून आधी अंगठा कर."

"दादा, ह्या रानात शेण म्या वाहिलं, तण म्या काढलं. वाटा कुणी मागितला?"

त्याने चारचौघांत तिची भरलेली पाटी पालथी केली. सख्खा भाऊ म्हणे!

निघताना भावजय फुलाबाईने ओटी भरली. सवाष्णीला रित्या ओटीने धाडू नये, एवढं रखमाजीलाही कळत होतं. तांदूळ, खण आणि वर पोरांसाठी हरभऱ्याचे डहाळे. मुळांसकट, ओल्या मातीसकट. मुळांवर गाठीच गाठी.

"ओटीतल्या मातीला अंगठा लागत न्हाई, वन्सं," फुलाबाई हळूच म्हणाली.

रतनबाईने ती मुळं मातीसकट वावराच्या एका पट्ट्यात मिसळली. पुढच्या साली तेवढाच पट्टा हिरवागार झाला, आणि वावर सोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

संक्रांतीला रखमाजी आला. बांधावर बसून घाटे सोलत म्हणाला, "बी झकास हाय. कुठलं गं?"

"बी हितलंच. माती तुमची." तिने त्या पट्ट्यातली पाटी भरून त्याच्या पायाशी आणून ठेवली. "न्या दादा. आन् माझ्याकडं तुमचं कायबी ऱ्हायलं न्हाई म्हणून अंगठा करा."

पाटी उचलायला रखमाजीचे हात पुढे होईनात. पालथी करायला मात्र कसे चटकन झाले होते!