मोकळी भिंत

तपासणी येणार म्हटल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मान काढलं, "वर्गात वीतभरही भिंत मोकळी दिसता कामा नये!"

झालं! मी शिकवणं गुंडाळून ठेवलं आणि मुलांना घेऊन कात्री-डिंकाशी झटत बसले. भिंती संपल्या, तशी पोस्टरं दारावर चढली, मग कपाटावर. सगळ्यात मोठा पुठ्ठा उरला, तो मी वैतागून खिडकीवरच ठोकला.

साहेब आले. घाम पुसत, डोळे ताणत त्यांनी नेमका तोच वाचला : 'भरपूर उजेड, मोकळी हवा, हीच आरोग्याची गुरुकिल्ली.'

"वा, बाई! फारच सुंदर," साहेब म्हणाले. "फक्त अक्षरं नीट दिसत नाहीत. तेवढा दिवा लावा."

मी बटण शोधत भिंत चाचपली. ते 'वीज वाचवा'च्या पोस्टरखाली झाकलं गेलं होतं.